लोकल बीअर म्हणता, मग ज्वारी कुणाची?

शिवार नोंद: मालदांडी हुरड्यात आलीय. कालव्याचं आवर्तन लांबलं, त्यामुळे खालच्या पट्टीतली कणसं बारीक राहिली. पाखरांचा त्रास नेहमीएवढा. गोफण फिरवायला माणूस मिळत नाही म्हणून जुन्या कॅसेटची फीत बांधलीय, ती वाजते तोवर वाजते.

नोंद संपली. आज बीअरवर लिहायचंय.

विषय वाचून काहीजण म्हणतील, काका बिघडले. म्हणा. पण म्हणण्याआधी आपला ऊस कुठल्या कारखान्याला जातो आणि त्या कारखान्याची डिस्टिलरी मळीपासून काय काय काढते, तेवढं एकदा आठवा. त्या मुद्द्यावर खाली येतोच.

आधी हे सांगतो की मला ही नवी बीअर आवडते. बाटलीतली नाही, ती तर सगळीकडे एकच चव. मी म्हणतोय ती पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत जागेवर बनवून जागेवर विकतात ती, जिला क्राफ्ट बीअर म्हणतात. आपल्या राज्यात याची सुरुवात पुण्यात झाली, 2009 साली, डूलालीपासून. मग मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर या बाजूला एकामागून एक निघाल्या. इंडिपेंडन्स आली, एफिंगट आली, ग्रेट स्टेट आली. मूनशाइनवाले तर बीअर सोडून मधापासून मीड बनवायला लागले. पुतण्या पुण्यात नोकरीला आहे, वर्षातून एकदोनदा मला घेऊन जातो. काचेमागे स्टीलच्या टाक्या, फळ्यावर सात-आठ नावं, आणि मागितलं तर लहान लहान ग्लासांत सगळ्यांची चव देतात. गव्हाची बीअर असते, तिला लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास येतो. मला वाटायचं मसाला घालतात. नाही, तो वास नुसत्या यीस्टचा. काळी स्टाउट असते, तिच्यात करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची चव लागते, कारण धान्य तसंच करपेपर्यंत भाजलेलं असतं. ज्याने आयुष्यभर धान्य पिकवलं त्याला हे कळायला पुस्तक लागत नाही. जीभ सांगते.

म्हणून माझं भांडण बीअरशी नाही. माझं भांडण फळ्यावरच्या एका शब्दाशी आहे. लोकल.

लोकल ब्रुअरी, लोकल क्राफ्ट, लोकल फ्लेवर. बरं, मोजून बघू. बीअरमध्ये चार गोष्टी असतात: धान्य, हॉप्स, यीस्ट, पाणी. धान्य म्हणजे मुख्यतः बार्ली, आपण जिला सातू म्हणतो. ती महाराष्ट्रात पिकत नाही म्हटलं तरी चालेल. राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशात पिकते, आणि खास प्रकारचं माल्ट हवं असेल तर जर्मनी-बेल्जियमहून पोत्यांत येतं. हॉप्स ही थंड हवेतली वेल. तिला उन्हाळ्यात लांबच लांब दिवस लागतात, आपल्या दख्खनच्या पठारावर ती नीट फुलायची नाही. ती येते अमेरिका, जर्मनी, न्यूझीलंडमधून. यीस्टची पाकिटंही बहुतेक बाहेरचीच. राहिलं काय? पाणी. तेही आरओमधून काढतात आणि त्यात मोजून क्षार टाकून परदेशातल्या कुठल्यातरी गावच्या पाण्यासारखं करतात. एवढं करून जे उरतं ते लोकल.

आणि ते पाणी तरी कुणाचं? पुण्याचं पाणी येतं खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या साखळीतून. त्याच साखळीतून नवा मुठा उजवा कालवा निघतो आणि हवेली, दौंड करत आमच्या इंदापुरात टेलला येतो. टेलला म्हणजे काय ते टेलवाल्यालाच माहीत. शहर वाढतं तसं आवर्तन लांबतं. आता कुणी म्हणेल, काका, दोन-चार ब्रुअऱ्यांनी किती पाणी प्यायलं? खरंय. एक लिटर बीअरला सगळं धुणं-पुसणं धरून चार ते सात लिटर पाणी जातं, लहान ठिकाणी जास्तही. उसाच्या एका एकराला जेवढं लागतं त्यापुढे हे काहीच नाही, आणि तो ऊस आपणच लावतो. पाणी चोरलं असा आरोप मी करत नाहीये. मोठ्या कारखान्यांची गोष्ट वेगळी. 2016 च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाला तिथल्या बीअर आणि दारूच्या कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यावर आणि मग त्याहून खाली आणावं लागलं होतं, लोक घागरी घेऊन टँकरमागे धावत होते तेव्हा. लहान ब्रुअरीला त्या ओळीत बसवणं अन्याय होईल. मी फक्त एवढंच म्हणतोय की ज्या एका वस्तूच्या जोरावर तुम्ही लोकल म्हणवता ती आमच्या कालव्यातली आहे, आणि धान्य मात्र तुम्हाला आमचं नको.

नको असं थेट कुणी म्हणत नाही, हेही खरं. आंबा घालतात, जांभूळ घालतात, कोकम घालतात. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष जाहीर केलं, आपल्याच देशाच्या प्रस्तावावरून, तेव्हापासून ज्वारी-नाचणीचं नावही फळ्यावर अधूनमधून दिसतं. अशाच एका ठिकाणी (नाव लिहीत नाही, सगळीकडे असंच असणार) मी ज्वारीची बीअर मागवली. चांगली होती. हलकी, जराशी आंबिलीच्या अंगाने जाणारी. काउंटरमागच्या मुलाला विचारलं, ही ज्वारी कुठली?

"सर, लोकल आहे."

"लोकल म्हणजे कुठल्या गावची?"

तो आत जाऊन विचारून आला. "सर, मार्केट यार्डातली."

त्याच फळ्यावर हॉप्सचं नाव लिहिलेलं होतं, सिट्रा. अमेरिकेतल्या हॉप्सची जात, फळ्यावर ठसठशीत. ती किती कडू आहे त्याचा आकडा, दारूचं प्रमाण किती टक्के त्याचा आकडा. आणि ज्वारी मार्केट यार्डातली. तिला जात नाही, गाव नाही, हंगाम नाही. खरीप की रब्बी हेसुद्धा माहीत नाही. मंडळी, मालदांडीला निदान शंभर वर्षांचा इतिहास आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. हुरड्याला बसलेला पुण्याचा माणूस आता सुरती मागतो, गूळभेंडी मागतो, नावानिशी मागतो. कृषी पर्यटनवाल्यांनी दहा-पंधरा वर्षांत गिऱ्हाइकाला एवढं शिकवलं. मग बीअरवाल्यांना तीच ज्वारी बिननावाची कशी चालते?

यात पैशाचा प्रश्न किती, तेही सांगतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी भाव वाढवून मागायला बसलोय. हजार लिटर बीअरला साधारण दोनशे किलो माल्ट लागतं. म्हणजे अर्ध्या लिटरच्या मगात शंभर ग्रॅम धान्य. त्यात तीस टक्के ज्वारी घातली तर तीस ग्रॅम. 2024-25 चा मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3421 रुपये. तीस ग्रॅमचा झाला एक रुपया. तीन-चारशे रुपयांच्या मगात आमच्या ज्वारीचा एक रुपया. दुप्पट भाव दिला तरी दोन. शेंगदाण्याची वाटी याच्यापेक्षा महाग पडते. तेव्हा ज्वारी परवडत नाही असं कुणी सांगितलं तर त्याला हे गणित दाखवा.

पण हेच गणित उलट्या बाजूनेही मांडायला पाहिजे, नाहीतर तो लबाडपणा होईल. एका ब्रुअरीने आठवड्याला हजार लिटरची एक खेप ज्वारी घालून काढली तर वर्षाला तिला एकतीस क्विंटल ज्वारी लागेल. जिरायतीत एकरी पाच क्विंटल धरा. म्हणजे सहा एकर. अशा पन्नास ब्रुअऱ्या धरल्या तरी तीनशे एकर. एवढ्याने ज्वारीचं मार्केट हलणार नाही. उद्या कुणी पुढारी स्टेजवर उभा राहून म्हणाला की बीअरमुळे ज्वारी उत्पादकाचं भलं होणार, तर त्याला तिथल्या तिथे खाली उतरवा.

असं म्हणणारे येतात, आणि आलेले आहेत. 2007 साली राज्याने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्यांसाठी धोरण आणलं, लिटरमागे दहा रुपये अनुदान. ज्वारी, बाजरी, मका, काळी पडलेली का असेना, शेतकऱ्याला भाव मिळेल असं सांगितलं गेलं. परवाने कुणाला मिळाले ते तेव्हाचे पेपर काढून बघा, पुढाऱ्यांची आणि त्यांच्या सोयऱ्यांची नावं सापडतील. डॉ. अभय बंग आणि बऱ्याच जणांनी त्याला विरोध केला, आणि बरोबर केला. कारण त्यात शेतकऱ्याचं फक्त नाव होतं. भावाचा करार नव्हता, जातीची अट नव्हती, जवळच्या गावातून घ्यायची सक्ती नव्हती. आमच्या नावावर अनुदान आणि यार्डातून स्वस्तातली ज्वारी. मला बीअरमध्ये तेच परत व्हायला नकोय, म्हणून हे आत्ता लिहितोय, प्रकरण लहान आहे तोवर.

वाईनवाल्यांचाही धडा आहे. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिककडे वाईनच्या द्राक्षांची लागवड वाढली. चांगलं काय झालं? बाटलीवर नाशिक आलं, बाग बघायला लोक यायला लागले, द्राक्षाचा भाव गोडीच्या आकड्यावर ठरायला लागला. वाईट काय झालं? 2008 च्या मंदीनंतर वायनऱ्यांनी हात आखडता घेतला आणि कित्येकांना बागा उपटाव्या लागल्या. वाईनचं द्राक्ष खायच्या बाजारात चालत नाही, ती अडचण. ज्वारीचं तसं नाही. ब्रुअरीने नाही घेतली तर भाकरी आहे, आणि भाकरीने नाही घेतली तरी कडबा आहे. आमच्याकडे कित्येक वर्षी दाण्यापेक्षा कडब्यानेच हात दिलाय. बीअरवाल्याशी बोलताना ही ताकद लक्षात ठेवा, आपण त्याच्या दारात उभे नाही.

आता आपल्याच माणसांकडे वळतो.

गावात मी हा विषय काढला की दोन वाक्यं ठरलेली येतात. एक, भाकरीच्या धान्याची दारू करणं पाप आहे. दोन, वारकऱ्यांच्या गावात हे शोभत नाही. पहिल्या वाक्याचा मी मान राखतो. हा विचार नवाही नाही, जर्मनीत बव्हेरियात 1516 साली बीअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी असा कायदा झाला, त्याच्यामागे एक कारण हेच सांगतात की गहू आणि राय पाववाल्यांसाठी राहावी. धान्याची टंचाई असेल तेव्हा मीही म्हणेन की आधी भाकरी. पण आज ज्वारीचं क्षेत्र का घटतंय? लोकांनी ज्वारी प्यायली म्हणून नाही. काढणीला मजूर नाही, उपटायला, कणसं खुडायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, आणि शेजारी उसाला पाणीही आहे, कारखानाही आहे. म्हणून.

दुसऱ्या वाक्याचा मात्र मान राखत नाही. ऊस घालणारा प्रत्येक सभासद मळी पुरवतो. मळीपासून स्पिरिट होतं, स्पिरिटपासून देशी दारू, आणि ती आपल्याच गावच्या फाट्यावर विकली जाते. कारखान्याच्या सभेत डिस्टिलरीचा नफा वाचला जातो तेव्हा टाळ्या पडतात, मी ऐकल्यात. तेव्हा कुणाला वारी आठवत नाही. दारूने घरं बसलेली मी माझ्या वस्तीवर बघितलीत, बायकांनी काय भोगलं तेही बघितलंय, त्यामुळे दारू चांगली असं माझ्या तोंडून कधी येणार नाही. पण देशीच्या नफ्यावर बोनस घ्यायचा आणि ज्वारीची बीअर म्हटलं की कपाळाला आठ्या घालायच्या, याला सोवळं म्हणत नाहीत.

(कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण हे पोरं वाचतात. बीअर 21 वर्षांच्या आत नाही. पिण्याचा परवाना लागतो, कायद्याचं नाव अजून दारूबंदीचंच आहे. घरी पिंप लावून बनवायला जाऊ नका, गुन्हा आहे. आणि पिऊन गाडी चालवायची नाही, पुतण्या रिक्षाने नेतो आणि रिक्षाने आणतो.)

बीअरवाले सांगतात की ज्वारीत तांत्रिक अडचणी आहेत. आहेत. मी एका ब्रुअरशी तासभर बोललोय, भला माणूस, त्याने सगळं समजावलं. बार्लीचं साल दाण्याला चिकटून असतं, भरड भिजवल्यावर त्याच सालीची गाळणी तयार होते. ज्वारीचा दाणा उघडा, त्यामुळे लगदा बसतो आणि रस गळत नाही. दुसरं, बार्लीचं पीठ 65 अंशांच्या आसपास गोड होतं, ज्वारीचा स्टार्च फुलायला 70 च्या पुढे जावं लागतं, आणि तोवर गोड करणारे घटक मरतात. तिसरं, मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबात विष असतं. हे तर आपल्याला कुणी शिकवायला नको, कोवळी कडवळ खाऊन जनावर दगावतं ते याच विषाने. म्हणून मोड वाळवल्यावर कोंब आणि मुळ्या झाडून टाकाव्या लागतात. पण यातलं काहीही अशक्य नाही. ज्वारी आधी वेगळी शिजवून बार्लीत मिसळता येते, गाळणीला भाताचा कोंडा वापरता येतो. आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची बीअर होते. नायजेरियाने 1988 मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांना झक मारत ज्वारी आणि मक्याकडे वळावं लागलं, आणि बीअर बंद पडली नाही. युगांडात 2002 च्या सुमारास ज्वारीची ईगल नावाची बीअर निघाली. तिथल्या सरकारने देशी धान्याच्या बीअरवर कर कमी केला, कंपनीने शेतकऱ्यांशी करार केले, ज्वारीची जात ठरवून दिली. आपल्याकडे यातली एक तरी गोष्ट झालीय का?

नाचणीचं तर आणखी सोपं. नाचणी मोडाला उत्तम. आणि माल्ट माल्ट म्हणतात ते काय असतं? धान्य भिजवायचं, फडक्यात बांधायचं, मोड आले की वाळवायचं, हलकं भाजायचं, दळायचं. माझ्या आईने प्रत्येक नातवंडाला नाचणीसत्त्व करून घातलंय. कोकणात, मावळात, नाशिकच्या डोंगरात घरोघरी हेच करतात. ज्या कामाला ब्रुअरीवाले जर्मनीहून पोती मागवतात ते काम आपल्या बायकांच्या हातात आहे. फरक एवढाच की त्या किलोत करतात, यांना क्विंटलमध्ये लागतं, आणि प्रत्येक वेळी सारखं लागतं.

इथे आपली बाजू कमी पडते. ब्रुअर म्हणाला, काका, तुमची ज्वारी मी शेतावरून घेईन, पण शंभरातले पंचाण्णव दाणे उगवले पाहिजेत, कारण न उगवलेला दाणा माल्ट होत नाही. आणि सगळे दाणे एका आकाराचे, एका जातीचे, बुरशी नको, मळणीयंत्रात फुटलेले नकोत, कीड लागू नये म्हणून गोळ्या टाकून मारलेले तर नकोच नकोत. आता प्रामाणिकपणे सांगा, आपण यार्डात पाठवतो त्या पोत्यात हे असतं का? चार घरची ज्वारी एकात, वर चांगली, खाली कशीही. उगवण चाचणी आपल्याला येते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि चौथ्या दिवशी मोजायचे, पेरणीआधी सगळे करतात. विकताना का करत नाही? कारण विकताना कुणी विचारत नाही, हे उत्तर मला माहीत आहे. आता एकजण विचारतोय.

सरकारने काय करावं, यावर लिहायला मला आवडत नाही, पण एक उदाहरण सापडलं ते सांगतोच. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 2013 पासून फार्म ब्रुअरी नावाचा वेगळा परवाना सुरू केला. नियम असा की बीअरमधला माल राज्यातल्या शेतातला पाहिजे, सुरुवातीला निदान 20 टक्के, 2019 पासून 60 टक्के. त्याबदल्यात परवाना स्वस्त आणि विक्रीला मोकळीक. एकदम सक्ती केली नाही, शेतकऱ्याला पिकवायला आणि माल्टवाल्याला उभं राहायला वेळ दिला. आपल्याकडे वर्षाला लाखो लिटर काढणारा कारखाना आणि टाकीभर बीअर काढणारा हौशी ब्रुअर, दोघांना धान्य कुठलं हे एक्साइज विचारतच नाही. तिला फक्त लिटर मोजायचे असतात. मला वाटतं इथे एक ओळ वाढवायला हरकत नाही: राज्यातल्या शेतातलं धान्य इतके टक्के, खरेदीच्या पावतीसकट, तर परवाना फी इतकी कमी. अनुदान नको. अनुदान आलं की मागोमाग सोयरे येतात.

गोव्याकडे बघा. तिथल्या फेणीला 2009 मध्ये मानांकन मिळालं, कारण काजूचं बोंड तिथल्या बागेतलं आणि भट्टी तिथल्या गावातली. त्यात लोकल शब्द लिहावाच लागत नाही. सीमेच्या अलीकडे सिंधुदुर्गात तेच बोंड, बी काढून घेतल्यावर, बरंचसं झाडाखाली कुजतं.

तेव्हा ब्रुअरीवाल्यांना माझं म्हणणं थोडक्यात. लोकल हा शब्द वापरायचा तर धान्याचं गाव फळ्यावर लिहा, जिथे हॉप्सचं नाव लिहिता तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. तीस टक्क्यांपासून सुरू करा, महिनाभराच्या हौशेपुरतं नको, वर्षभर ठेवा. भाव पेरणीआधी ठरवा, कागदावर. हमीभावाच्या वर किती ते बसून बोलू. आणि उरलेला चोथा, जो शंभर लिटरमागे वीसेक किलो निघतो आणि दुसऱ्या दिवशी आंबट वास मारायला लागतो, तो गटारात किंवा कचऱ्याच्या गाडीत घालू नका. दूधवाला जवळ असेल तर त्याला द्या. ओला चोथा गाईला चालतो, त्याच दिवशी घातला पाहिजे आणि बेताने घातला पाहिजे. काही ब्रुअऱ्या देतातही, त्यांचं कौतुक आहे.

पिणाऱ्यांना एकच. पुढच्या वेळी गेलात की मोबाईलवर टाकीचा फोटो काढण्याआधी विचारा, धान्य कुठलं? उत्तर मार्केट यार्ड आलं तर पुन्हा विचारा. सिट्रा कुठली हे तुम्हाला पाठ आहे, मालदांडी कुठली हे पाठ व्हायला किती वेळ लागतो?

आणि आपल्यासाठी. मोड आणायला एक्साइजचा परवाना लागत नाही, तो लागतो दारू करायला. तालुक्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने ज्वारी-नाचणीचं माल्ट करायला घेतलं तर ते फक्त बीअरवाल्यालाच विकायचं असं नाही. लहान मुलांच्या सत्त्वाला जातं, बेकरीला जातं, धिरड्याच्या पिठाला जातं. वर पन्नास ब्रुअऱ्यांचं गणित मांडलं, त्यावर एकट्यावर युनिट चालणार नाही. बाकीची गिऱ्हाइकं धरून चालेल की नाही, ते दोघातिघांनी बसून बघायला पाहिजे. आमच्याकडे चार जण तयार आहेत, त्यातले दोघे माळकरी आहेत आणि त्यांनी आधीच सांगितलंय की आम्ही सत्त्वाच्या बाजूला बसणार.

यंदा माझी काढणी फेब्रुवारीत होईल. दोन क्विंटल मालदांडी वेगळी ठेवणार आहे. हाताने खुडलेली, बडवून काढलेली, यंत्रात न घातलेली, गोळ्या न टाकलेली. उगवण मोजून पोत्याला चिठ्ठी लावेन: गाव, गट नंबर, पेरणीची तारीख, शंभरातले किती. त्या ब्रुअरला निरोप पाठवलाय. भाव पाच हजार सांगितलाय. मगामागे दीड रुपया होतो.